टांगलेला रूळ

मी एक जुना रूळ आहे. म्हणजे रूळ म्हणवून घेण्याइतका आता उरलेलो नाही, हातभर लांबीचा एक तुकडा आहे. एका बंद पडलेल्या स्टेशनच्या पडवीत, तुळईला बांधलेल्या साखळीला मी लटकतो. मित्रांनो, रुळाचा जन्म आडवं पडून राहण्यासाठी असतो. मी मात्र म्हातारपणी उभा टांगला गेलो आणि घंटा झालो. याचं मला दुःख नाही आणि फारसं कौतुकही नाही. लोखंडाने सगळ्याच गोष्टी मनावर घेतल्या तर गंज लवकर चढतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या भट्टीचं वर्णन मी करणार नाही. सगळेच रूळ ते करतात आणि सगळ्यांचं सारखंच असतं. मला इथे आणलं तेव्हा गाव नावाला होतं. टेकडीच्या पायथ्यापासून ओढ्यापर्यंत नुसती शेतं आणि मधूनमधून चार घरं. टेकडी कापून खिंड काढली, ओढ्यावर दगडी पूल बांधला आणि पुलापासून स्टेशनापर्यंत पाण्याच्या पाटाला लागून रूळ टाकले. माझ्या वाट्याला आलं वळण. सरळ वाटेवरच्या रुळांना काम बेताचं आणि ऐट फार. वळणावरच्याला प्रत्येक चाक घासून जातं.

मी कितीतरी वर्षं ते घासणं सोसलं. इथून बटाट्याची पोती जात, कोबी जाई, दुधाचे कॅन खडखडत जात. तिकडून बियाणं, खत, लोखंडी नांगर आणि अधूनमधून बदली होऊन आलेला एखादा रडवेला शिक्षक येई. गावाला जे जे लागे ते माझ्या पाठीवरून आलं. गावाने त्याबद्दल मला कधी धन्यवाद दिले नाहीत, आणि मीही ते मागितले नाहीत.

स्टेशनात एक सांधेवाला होता. गाडीने कोणत्या रुळावर जायचं ते खटका ओढून ठरवणारा माणूस म्हणजे सांधेवाला. हा बोलायला कंजूष, पण कान फार तिखट. रोज सकाळी तो हातोडीने रुळांवर टकटक करत खिंडीपर्यंत जाऊन यायचा. एका थंड सकाळी माझ्यावर ठोका पडला आणि मी बद्द वाजलो. मला तडा गेला होता. त्या दिवशीची गाडी त्याने थांबवून धरली, मला उखडलं आणि तडकलेला भाग भंगारात दिला. राहिलेल्या भागावर त्याने पुन्हा एकदा ठोका मारला. आवाज खणखणीत आला. तो म्हणाला, "हा वाजेल," आणि पडवीत मला टांगलं. आमच्या स्टेशनला तोवर घंटाच नव्हती, शिट्टीवर भागत होतं.

मला वाजवायला त्याने रुळाच्या जोडाचा एक जाड बोल्ट निवडला. वाजवण्याची रीतही त्याची स्वतःची होती. सकाळची गाडी खिंडीतल्या सिग्नलपाशी आली की एक सुटा ठोका, मग जरा दम, मग घाईघाईचे ठोके. दुपारच्या गाडीला दोन सुटे ठोके, दम, मग घाईचे. खिंडीत धुकं दाटलं की सिग्नलचा हात दिसत नसे. अशा वेळी ड्रायव्हर सिग्नलच्या खांबाजवळ गाडी उभी करून माझ्या आवाजाची वाट पाहत, आणि आवाज आला की गाडी आत आणत. एवढ्या मोठ्या इंजिनाने माझ्या शब्दावर पाऊल उचलावं, याचा मात्र मला थोडा अभिमान होता. तो मी आजही लपवत नाही.

आता पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. पाटाचं पाणी वरच्या शेतांना आणि खालच्या शेतांना पाळीने मिळे. पण पाळी संपली कधी, यावर रोज भांडण. वरच्यांची घड्याळं मागे असत, खालच्यांची पुढे, आणि दोन्हीकडचे लोक आपलंच घड्याळ देवाने लावून दिल्यासारखं बोलत. एकमेकांना ते अक्षरशः पाण्यात पाहत. शेवटी असं ठरलं की घड्याळ कुणाचंच नको, स्टेशनची घंटा घ्या, ती कुणाच्या बापाची नाही. सकाळच्या घंटेला पाणी खाली सोडायचं, दुपारच्या घंटेला वर फिरवायचं. पाटाच्या झडपा उघडझाप करणाऱ्या माणसाला इथे पाटकरी म्हणतात. पाटकऱ्याने त्या दिवसापासून फक्त माझं ऐकलं.

यात एक गंमत झाली. दुपारची गाडी उशिरा आली की घंटा उशिरा होई आणि खालच्यांना जास्त पाणी मिळे. त्यामुळे गाडी वेळेवर आली की खालचे शेतकरी तोंड पाडून बसत, आणि उशिरा आली की वरचे तावातावाने स्टेशनमास्तरला जाब विचारायला येत. त्यांना प्रवास कुठेच करायचा नसे. स्टेशनमास्तर बिचारा कपाळाला हात लावून म्हणायचा की मी गाड्या चालवतो की कोबी पिकवतो, तेच मला कळेनासं झालंय.

पुढे डांबरी रस्ता आला, ट्रक आले आणि गाडी रिकामी धावू लागली. एक दिवस ती आली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. रूळ उखडून नेले, खडी नेली, स्टेशनातलं बाकसुद्धा नेलं. सिग्नलच्या खांबाचा पाया खोल होता म्हणून तो खिंडीत तसाच राहिला. मलाही न्यायला माणसं आली होती, पण वरचे आणि खालचे शेतकरी पहिल्यांदाच एका बाजूला उभे राहिले आणि त्यांनी मला नेऊ दिलं नाही. सांधेवाला तेव्हा निवृत्त होऊन स्टेशनामागच्याच खोल्यांत राहत होता. तो जुन्या वेळापत्रकाप्रमाणे रोज दोनदा मला वाजवू लागला. गाडी होती तोवर गाडीची वेळ कुणी पाळली नाही. ती गेल्यावर मात्र अगदी काटेकोर पाळली जाऊ लागली.

त्याच्यानंतर त्याची लेक हे काम करते. सगळं गाव तिला आत्या म्हणतं आणि अहो-जाहो करतं. मी तिचे दुधाचे दात पडताना पाहिले आहेत, म्हणून मी अगं-तुगंच करतो. ती बटाट्याची पोती शिवते, फाटकी असतील तर ओढ्यावर धुऊन ठिगळं लावते आणि उरलेल्या वेळात कोंबड्यांना रागावते. बोल्ट तिच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असतो. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही. वडिलांची रीत तिने जशीच्या तशी उचलली. दम किती घ्यायचा तेसुद्धा.

गावातल्या शाळेत भूगोलाच्या एक बाई आहेत. पोरांना नकाशात टेकड्या दाखवण्यापेक्षा पायांखाली दाखवाव्यात, असं त्यांचं मत. गाडी गेली तरी गाडीची वाट शिल्लक आहे, हे पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लोक जमवले, खिंडीतली काटेरी झुडपं तोडवली, पुलाचे कठडे दुरुस्त करवले, आणि खिंडीपासून स्टेशनापर्यंत चालायला एक सुरेख पायवाट झाली. बाहेरगावचे लोक येऊ लागले. उन्हात चालत, पुलावरून ओढा पाहत, पाटाकाठी बसून डबे खात. कोबीच्या शेताचे फोटो काढणारे लोक पाहून शेतकरी आधी हसले. मग त्यांनीही शेताच्या बांधावर टोपल्या घेऊन बसायला सुरुवात केली.

स्टेशनालाही रंग दिला. मला घासूनपुसून काळं चकचकीत केलं, शेजारी साखळीला एक पितळी हातोडी अडकवली आणि पाटी लावली : "जुनी घंटा. वाजवून पाहा." आत्याला ते पटलं नव्हतं. बाई म्हणाल्या की लांबून आलेल्या माणसाला हात लावायला काहीतरी हवं, नुसतं पाहून किती पाहणार. बाईंचंही खोटं नव्हतं. शेवटी आत्या एवढंच म्हणाली की वाजवा बापडे, ठणठण करणाऱ्याचं आणि माझं वाजवणं गावाला वेगळं कळतं. ते खरंच होतं. पाहुण्यांची पोरं मला तासन्‌तास बडवत, आणि पाटकरी मान वर करूनही पाहत नसे.

मग तो ढगाळ दिवस आला.

आत्या पोती धुवायला ओढ्यावर, पुलाखाली गेली होती. दुपारच्या घंटेला अजून बराच अवकाश होता. स्टेशनात चिटपाखरू नव्हतं. डांबरी रस्त्याकडून एक म्हातारा पाहुणा आला. पाठीला पिशवी, हातात काठी. तो फलाटावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला, पाटी वाचली. बराच वेळ तो नुसता बघत होता. मग त्याने पितळी हातोडी उचलली आणि वाजवलं : दोन सुटे ठोके. दम. मग घाईचे.

दम अगदी बरोबर घेतला होता. वाजवून झाल्यावर त्याने मला तळहाताने थांबवलं, डोळे पुसले आणि खिंडीकडच्या वाटेने निघून गेला. हे पाहायला मी सोडून कुणीही नव्हतं.

खाली पाटकऱ्याने घंटा ऐकली. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते चांगलं चालत होतं. त्याने घड्याळाकडे पाहिलं, ते मागे पडलंय असं ठरवलं, काटे पुढे सरकवले आणि झडप फिरवली. दुपारच्या घंटेलाच सुटणाऱ्या शाळेच्या शिपायाने भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं आणि शाळा सोडली. पोरांनी अर्थातच काही विचारलं नाही. कुणाच्या मोबाईलवर वेगळी वेळ दिसली असेल, पण खिंडीच्या या बाजूला रेंज धड येत नाही, त्यामुळे मोबाईलवर कुणाचा विश्वास नाही. वरच्या शेतांत लवकर पाणी आलं. वरचे मूग गिळून बसले.

पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला ज्यांचं शेत आहे, त्यांना गाव शेपूटकाका म्हणतं. त्यांना त्याचा राग येत नाही. पाणी वाटेत सगळ्यांचं भागवत त्यांच्यापर्यंत शेवटी पोहोचतं, म्हणजे पाळीतला शेवटचा तेवढा वेळ त्यांचा. आदल्या संध्याकाळी त्यांनी कोबीची रोपं लावली होती, याच पाण्याच्या भरवशावर. पाणी त्यांच्या बांधापाशी आलं आणि तिथेच आटलं. इतक्या टोकापर्यंत पाणी चार दिवसांतून एकदाच सोडत, म्हणजे पुढचं पाणी चार दिवसांनी. दुसऱ्या दिवशी ढग गेले आणि ऊन कडक पडलं.

त्या ढगाळ दिवशीच दुपारी आत्या ओढ्यावरून परत आली आणि तिने नेहमीच्या वेळेला मला वाजवलं. लोक शेतात चमकून थांबले. घंटा तर मघाच झाली होती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना उलगडा झाला की पहिली घंटा चुकीची आणि दुसरी बरोबर. आणि पहिली घंटा ठणठणाट नव्हता, अगदी रीतसर झाली होती. ती रीत गावात एकट्या आत्यालाच येत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेपूटकाका स्टेशनात आले तेव्हा त्यांच्या हातात माना टाकलेली रोपं होती. ते ओरडले नाहीत. ती रोपं त्यांनी पायरीवर ठेवली आणि म्हणाले, "आत्या, वय सगळ्यांचंच होतं. पण मला सांगायचं होतंत, मी रोपं थांबून लावली असती."

"मी नाही वाजवली," आत्या म्हणाली. मग पायरीवरची रोपं उचलून म्हणाली, "पुलाखाली मलाही ऐकू आली होती. मला वाटलं, मनातच वाजली."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. ते ऐकून काकांचा चेहरा आणखी पडला, आणि तिचाही. त्यानंतर ती रोज बोल्ट हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहायची आणि वाजवण्याआधी तीनतीनदा घड्याळ पाहायची. एकदा तिने मला हळूच विचारलं, "मी आले होते का रे?" मित्रांनो, मी वाजू शकतो, बोलू शकत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात मला त्याचं वाईट वाटलं ते तेव्हाच.

चारसहा दिवसांत तिने स्वतःच बोल्ट नेऊन भूगोलाच्या बाईंच्या हाती दिला. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही, दुसऱ्याच्या रोपांशी खेळ नको, असं म्हणाली. बाईंनी पुष्कळ समजावलं. पण गावाला घंटा तर हवी होती, म्हणून पाटावर विजेचा भोंगा बसवायचं ठरलं, आणि मला काढून शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवायचं. कपाटात ससाण्याचा एक पेंढा भरलेला नमुना आहे म्हणे. तोच माझा शेजार होणार होता.

मला उतरवायचं होतं त्या सकाळी खिंडीत दाट धुकं होतं. फलाटावर वरचे, खालचे, बाई, शेपूटकाका असे सगळे जमले होते. पाटकरी शिडीवर चढून साखळीचा खिळा सोडवत होता. आत्या एका बाजूला पोती शिवत बसली होती. पण बराच वेळ तिच्या सुईत दोराच नव्हता.

धुकं जरा विरळ झालं आणि कुणीतरी म्हणालं की खिंडीच्या तोंडाशी एक माणूस उभा आहे. बाई म्हणाल्या, पाहुणा असेल, वाट चुकला असेल. तर पाटकरी शिडीवरून म्हणाला की ही वाट चुकायची म्हटलं तरी चुकता येत नाही, दुसरी वाटच नाही. पण माणूस पुढे येत नव्हता. सिग्नलच्या मोडक्या खांबाशेजारी तो काठी टेकून नुसता उभा होता, अगदी खांबाच्या रेषेत.

आत्या उठली. फलाटाच्या कडेपर्यंत जाऊन तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग ती बाईंकडे वळली.

"बाई, माझा बोल्ट जरा द्या."

तिने पाटकऱ्याला शिडीवर थांबायला सांगितलं आणि माझ्यावर एक सुटा ठोका दिला. दम घेतला. मग घाईचे ठोके. सगळे खिंडीकडे बघत होते. माणूस हलला नाही.

आत्याने मला तळहाताने शांत केलं. मग दोन सुटे ठोके दिले. दम. मग घाईचे.

माणसाने काठी उचलली आणि तो चालू लागला.

तो म्हातारा आपल्या चालीने पुलावरून, वळणावरून, पाटाच्या कडेने येत राहिला आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले. शिडीवर पाटकऱ्याचा हात सवयीने मनगटाकडे गेला होता, तो त्याने हळूच खाली घेतला.

जवळ आल्यावर म्हाताऱ्याने एवढी माणसं पाहिली आणि तो ओशाळला. दुपारची गाडी मी चालवायचो, त्याने सांगितलं. खिंडीपलीकडच्या गावी बहिणीकडे दहाबारा दिवस राहून तो परत चालला होता. खिंडीत धुकं दिसलं आणि पाय आपोआप खांबापाशी थांबले. पायांना कसं सांगायचं की गाडी बंद झाली.

"मागच्या वेळेला घंटा तुम्ही वाजवली होती?" आत्याने विचारलं.

"हो. वाजवून पाहा म्हणून लिहिलं होतं. इतकी वर्षं त्या आवाजावर गाडी आणली, म्हटलं एकदा आपल्या हाताने वाजवावी." मग सगळ्यांचे चेहरे पाहून त्याने विचारलं, "का? काही बिघडलं का?"

आत्या पायरीवर बसली. "म्हणजे ती खरंच वाजली होती," ती म्हणाली, आणि सगळ्या गावासमोर रडली. पुष्कळ दिवसांचं रडणं होतं ते. शेपूटकाका तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांना माफी मागण्याची सवय नसावी. त्यांनी माझ्याशेजारची पितळी हातोडी साखळीसकट काढली, खिशात टाकली आणि पाटकऱ्याला म्हणाले, "उतर रे खाली. तो खिळा होता तसा बसव आधी."

वरच्या शेतकऱ्यांनी त्या दिवशी न मागता आपल्या पाळीतलं पाणी शेपूटकाकांच्या शेताला सोडलं. मूग फार दिवस गिळून ठेवता येत नाहीत. म्हाताऱ्या ड्रायव्हरने आपलं परतणं पुढे ढकललं आणि काकांसोबत नवी रोपं लावली. आयुष्यभर रुळावरून सरळ चाललेला माणूस, पण त्याच्या कोबीची ओळ इतकी वाकडी आली की काका अजून ती पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात. भोंगा शाळेने घेतला. त्याच्यावर पोरांचा राग आहे.

पाटी आता बदलली आहे. बाईंनी ती आत्याला विचारून लिहिली : "ही घंटा कामावर आहे." पाहुणे येतात, मला हात लावतात, माझ्या पोटावरची कारखान्याची अक्षरं चाचपडतात. वाजवत कुणी नाही. ज्यांना ऐकायचं असेल ते घंटेच्या वेळेपर्यंत थांबतात. थांबलेल्यांना आत्या बसायला पोतं टाकून देते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग द्यावा, पुसावं, तिच्यासमोर उभं राहून फोटोही काढावा. मला त्याचं काही वावगं वाटत नाही. पण तिला हात लावण्याआधी एवढं विचारा, की तिच्या भरवशावर अजून कुणी आहे का. आणि ती जपणारं माणूस म्हातारं झालं म्हणून चूक त्याचीच असेल, असं धरून चालू नका. माझ्यासारख्या साक्षीदाराला बोलता येत नाही. प्रत्येक वेळी कुणी खिंडीतून परत येईलच असं नाही.

आत्यानंतर मला कोण वाजवणार, मला माहीत नाही. भूगोलाच्या बाई हल्ली संध्याकाळी येऊन दम किती घ्यायचा ते शिकतात, लाकडाच्या ओंडक्यावर. अजून जमलेलं नाही, त्या घाई करतात.

आता पुरे. दारामागच्या खिळ्यावरून बोल्ट काढल्याचा आवाज आला. मला बोलायला दिवसातून दोनदाच मिळतं, आणि खाली शेवटच्या शेतात कुणीतरी फावडं टेकून माझी वाट पाहतंय.